फडताळातला हुंकार

ऐकण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही! शेजारी चमचा पडला, तर तो हातून निसटला की रागाने आपटला, एवढं मी बसल्या जागी सांगते. म्हणूनच आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, जरा ऐकायला शिका," तेव्हा मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"मला शिकवता? अहो, माझे कान..."

"बघा!" त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांचा एकच उपदेश. घास नीट चावा. घरातल्या घरात का होईना, चाला. दिवसातली एक चांगली गोष्ट मोठ्याने बोलून दाखवा. आणि दुसरं माणूस बोलत असेल तर मध्ये तोंड न घालता ऐका, नुसतं "हं, मग?" म्हणा.

हे सगळं करणं मला भागच होतं. मी एकटी राहते ते मुलाला खुपत होतं. "आई, तू पडलीस, विसरलीस किंवा काहीबाही बरळलीस, की मी तुला माझ्याकडे नेणार!" अशी त्याने तंबीच दिली होती. त्याचं घर झकपक आहे, पण तिथल्या खिडक्या उघडत नाहीत आणि सून दर तासाला मला 'रिलॅक्स' व्हायला सांगते. मी लग्न होऊन आले ती याच घरात. इथली कडी अंधारातही माझ्या हाताला सापडते. मला इथून हलायचं नव्हतं.

तर, लागले सवयींना! उकडलेलं गाजर इतकं चावलं की त्याला माझी दया आली असावी. चालताना टेबलाला इतक्या फेऱ्या मारल्या की टेबलच गरगरायला लागलं. राहिली चांगली गोष्ट. ती सांगायची कुणाला? स्वयंपाकघरातल्या भिंतीत एक खोल फडताळ आहे. त्यात पार मागे, डॉक्टरीणबाईंच्या नजरेआड, माझा बिस्किटांचा डबा असतो. म्हटलं, आनंद जिथे ठेवलाय तिथेच आनंदाची गोष्ट बोलावी!

हिवाळ्यातली दुपार होती. उजेड राखेसारखा झाला होता. मी डोकं आत घातलं आणि म्हणाले, "आज मोरी तुंबली नाही, हे चांगलं झालं."

आतून, अगदी हळू, आवाज आला, "हं... मग?"

डबा माझ्या हातातच थिजला. पुरुषाचा आवाज. घोगरा, दबलेला, दुलईखालून यावा तसा. पाठोपाठ गार झुळूक आली आणि तिच्याबरोबर इस्त्री केलेल्या गरम कापडाचा वास! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमचे हे जाऊन कैक वर्षं झाली, पण त्यांच्या शर्टांना हाच वास यायचा.

मी खुर्चीत बसून विचार केला. हे असतील का? छे! चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला एकदाही "मग?" विचारलं नव्हतं. मी बोलायला लागले की ते वर्तमानपत्राच्या आड जायचे. पण मग वाटलं, कोण जाणे, तिथेही कुणी डॉक्टरीणबाई भेटली असेल!

सांगणार कुणाला? मुलाला सांगितलं असतं तर संध्याकाळीच बॅग भरावी लागली असती. मी गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडताळ उघडलं. भीती वाटत होती, पण इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं हो! मी बोलायची आणि काळोखातून यायचं, "हं... मग?"

एकदा मी चांगली गोष्ट विसरून तक्रारच केली. "शेजारच्या मास्तरांनी माझ्या कोटाची बाही घट्ट शिवली. हात वर होत नाही."

आतून एक लांब उसासा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शेजारचे शिंपीमास्तर! गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली, तेव्हापासून हा माणूस कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता. चेहरा पांढराफटक. "वहिनी, तो कोट द्या. बाही सैल करतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विचारू नका!" ते कापऱ्या आवाजात म्हणाले आणि कोट घेऊन पळाले.

मला दरदरून घाम फुटला. फडताळात नुसता आवाज नव्हता, शक्ती होती! त्या दुपारी मी हात जोडून सांगितलं, "मुलगा न्यायला येतोय. मला हे घर सोडायचं नाही. काहीतरी करा!"

आतून कुणीतरी ओरखडल्यासारखा आवाज झाला आणि फळी थरथरली.

रविवारी मुलगा आला. मी एकटीच बोलते, असं दूधवाल्याने त्याच्या कानावर घातलं होतं. तो घरभर माझ्या मागे-मागे फिरत होता.

"आई, तू कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. बिस्कीट खातोस?" मी फडताळ उघडून एक त्याच्या हातात ठेवलं.

"विषय बदलू नकोस! बस्स झालं. बॅग भर, आजच्या आज निघायचं!"

तेवढ्यात फडताळ गरजलं. "खबरदार! ती कुठेही येणार नाही! हे तिचं घर आहे!"

वरच्या बरण्या खणाणल्या. मुलाच्या हातातलं बिस्कीट गळून पडलं. एवढा मोठा साहेब, पण लहानपणी अंधारात लपायचा तसा माझ्या पदराआड आला.

"बाबा?" तो कुजबुजला.

"तुला... ऐकू आलं?" मला रडूच फुटलं. माझं डोकं शाबूत होतं!

"चुकलो, बाबा," तो फडताळाला म्हणाला. "आई इथेच राहील." आणि चहाही न घेता निघून गेला.

मी मात्र विचारात पडले. आमच्या ह्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता. मेल्यावर एवढी सुधारणा? मी शेजारी गेले. मास्तरांचं दार उघडंच होतं. इस्त्री तापत होती. त्यांच्या भिंतीतल्या रिकाम्या फडताळात डोकं घालून मास्तर हुंदके देत होते.

"वहिनी, कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "तागे काढून फडताळ मोकळं केलं आणि त्यातून ही बोलायला लागली. जिवंतपणी मी तिचं कधी ऐकलं नाही. मशीनचा खडखडाट असायचा ना! डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं आता ऐकतो. शब्द अर्धेमुर्धेच कळतात, पण तिने तुमच्या बाहीची चूक दाखवली, ती मी सुधारली. मुलगा मला घर विकायला सांगतोय, तर ती कळवळली. आणि आज तिला कुणीतरी न्यायलाच आलं होतं! हाकलला मी त्याला!"

त्यांच्या खांद्यावरून मी आत पाहिलं. मागच्या फळीला फट होती. फटीपलीकडे माझ्या बिस्किटांचा डबा!

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. त्या ओल्या डोळ्यांकडे पाहून एवढंच म्हणाले, "हं... मग?"

मास्तर दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, माझी शपथ!

आता दुपारी मी फडताळात फक्त चांगल्या गोष्टी बोलते, त्याही हळू आवाजात. घर राहिलं, एकटेपणा गेला. सगळं माझ्या मनासारखं झालं म्हणून मी खूश होते, तोवर काल मुलाचा फोन आला.

"आई, मी खूप विचार केला. तुला इथे आणायचं नाही."

"शहाणा माझा बाळ!"

"आम्हीच तिकडे राहायला येतोय, कायमचे. बाबा तिथे असताना मी इथे कसा राहू? ही तिचं व्यायामाचं यंत्रही आणतेय. स्वयंपाकघरात, फडताळासमोर बसेल ना ते?"