सॅम्पल फ्लॅटमधली डुलकी

घरमालकाने भाडं दीडपट केलं आणि त्याचं कारणही रस्त्यापलीकडे बोट करून दाखवलं. "समोर केवढा टॉवर होतोय बघा. वस्तीचा भाव वाढला, मग खोल्यांचा नाही वाढणार?" परवडत नसेल तर महिनाअखेर खोली सोडा, असं अगदी गोड आवाजात सांगून तो निघून गेला.

शिवणकाकूंचं मशीन थांबलं. लोकांचे कपडे आखूड-सैल करून देणं हा त्यांचा धंदा आणि गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं. दुसरीकडे खोली मिळाली असती. गिऱ्हाईक कुठून आणणार? छापखान्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे मात्र कुठल्याही संकटावर एकच उपाय होता. ते आडवे होत, डोळे मिटत आणि बघता बघता घोरू लागत.

"अहो, उठा. ज्याच्यापायी आपलं भाडं वाढलं, ते घर एकदा बघून तरी येऊ."

"आपल्याला घ्यायचंय का?"

"बघायला पैसे पडत नाहीत."

टॉवरचा अजून सांगाडाच उभा होता, पण गेटाशी सॅम्पल फ्लॅट मात्र नटूनथटून तयार होता. टाय लावलेल्या एका मुलीने त्यांना आत नेलं, दिवे लावले, एसी लावला आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. "काका-काकू, निवांत बघा हं," म्हणून ती बाहेर गेली.

दोघं निवांत बघू लागले. टेबलावरची सफरचंदं प्लास्टिकची निघाली. कपाटातली पुस्तकं नुसते पुठ्ठे निघाले; आयुष्यभर छपाई केलेल्या काकांनी ते उलटेपालटे करून बघितले आणि दुखवट्याला आल्यासारखा चेहरा केला. खिडकीबाहेर निळंशार तळं होतं, पण ते काचेला चिकटवलेलं. खरा होता तो फक्त पलंग.

"जरा बसून बघतो," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात वळल्या आणि परत आल्या, तोवर काका बसण्याच्या पुढच्या पायरीवर गेले होते. पलंग खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम आखूड केलेला, त्यामुळे पावलं बाहेर लोंबत होती, आणि घोरणं थेट दारापर्यंत पोचत होतं.

"अहो! उठा!" त्यांनी गदागदा हलवलं. काका कूस बदलून भिंतीकडे वळले.

आणि दारात पावलं वाजली. ती मुलगी नवं गिऱ्हाईक घेऊन आली होती: एक जोडपं आणि त्यांची म्हातारी आई. काकू पुरत्या भांबावल्या. पण घरात झोपलेला नवरा आणि दारात पाहुणे ही वेळ त्यांच्यावर आयुष्यात शंभरदा आली होती. त्यांनी काकांच्या अंगावर चादर ओढली आणि सवयीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. आणि पाय पुसून या."

पाहुण्यांनी मुकाट्याने पाय पुसले. टायवाल्या मुलीने डोळे वटारले, पण गिऱ्हाइकासमोर बोलणार काय?

"तुम्ही इथेच राहता?" सुनेने कुजबुजत विचारलं.

"आत्ताच आलोय," काकू म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं.

"कसं वाटतं घर?"

"गारवा छान आहे."

सुनेने फ्रिज उघडला. आत पोकळ पत्रा. काकूंना उगाचच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आज बाजारात जायचं राहिलं बाई," त्या म्हणाल्या.

म्हातारी आई सोफ्यावर टेकली, काकूही शेजारी बसल्या, आणि दोघींच्या गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. सगळं निभावलंच असतं, पण काका जागे झाले. कोणाकडेही न बघता, डोळे अर्धवट मिटलेले, ते सवयीने बाथरूममध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

मग आतून आवाज आला, "अगं, पाणी नाही!"

काकूंनी देवाचं नाव घेतलं.

"अगं, नळ नुसता चिकटवलाय! हातात आला!"

"काही करू नका! बाहेर या आधी!"

"कडी पण हातात आली!"

बाहेरून टायवाल्या मुलीने ढकललं, त्याच क्षणी आतून काकांनीही ओढायचं सोडून खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. ते ज्या भिंतीत होतं ती प्लायवूडची भिंत मात्र सावकाश कलली आणि पाहुण्यांना चुकवत सोफ्यामागे आडवी झाली. धुळीतून काका प्रकट झाले. एका हातात नळ, दुसऱ्या हातात कडी.

"वेळीच कळलं म्हणून बरं," ते म्हणाले.

आवाज ऐकून बिल्डरच्या ऑफिसातले मोठे साहेब धावत आले. "कोण आहेत ही माणसं? भिंत भरून द्यावी लागेल!" भाडं भरायची मारामार, त्यात आता भिंत!

पण तेवढ्यात म्हातारी आई ठामपणे म्हणाली, "सकाळपासून पाच घरं बघितली. सगळी दवाखान्यासारखी. घरात माणूस झोपलेलं हे पहिलंच. घ्यायचं तर इथेच घ्या रे. भिंत तेवढी पक्की बांधायला सांगा."

मुलाने तिथल्या तिथे बुकिंगचं टोकन दिलं. साहेबांचा रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू गुलाबी झाला. पाहुणे गेल्यावर त्यांनी काकूंसाठी स्वतः खुर्ची ओढली.

"काकू, दर शनिवार-रविवार याल का? काही करायचं नाही. फक्त राहायचं."

"राहायचे पैसे मिळतात?" काकूंना खरंच वाटेना. साहेबांनी आकडा सांगितला. वाढीव भाडं भागून वर थोडं उरत होतं.

पुढच्या शनिवारी काकू शिवण घेऊन सोफ्यावर बसल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर आडवे झाले. या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले, शेवटी उठून बसले.

"अगं, झोपच येत नाही."

"तुम्हाला? झोप?"

"ड्यूटीवर आहे ना! एवढी वर्षं नोकरी केली, कामाच्या वेळी कधी डोळा लागू दिला नाही."

दाराशी पावलं वाजली.

"आले लोक! निदान घोरा तरी!"

काकांनी चादर ओढली, डोळे मिटले आणि टक्क जागेपणी, अगदी प्रामाणिकपणे घोरायला सुरुवात केली.