खोकला एकाचा, चिठ्ठी दुसऱ्याला

आमचे कानडी घरमालक डॉक्टर अण्णा. बनशंकरीत खाली त्यांचं घर आणि दवाखाना, वर मी भाडेकरू. सर्दी-खोकल्याचा पेशंट आला की ताप किती आहे हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, “अँटिबायोटिक मागायला कोणी पाठवलं?”

आणि ज्याने पाठवलं असेल त्याच्याच नावाने चिठ्ठी लिहितात. त्यांचं म्हणणं असं की साध्या सर्दीला अँटिबायोटिक घसा मागत नाही, घरचे मागतात. तेव्हा औषध घरच्यांनाच द्यावं. एका नातवाचं नाक गळत होतं आणि आजीने हट्ट धरला होता. अण्णांनी नातवाला कोमट पाणी सांगितलं आणि आजीला आठवडाभर मौन लिहून दिलं. सुनेने ती चिठ्ठी म्हणे लॅमिनेट करून घेतली.

परवा इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक मुलगा शिंकत आला. “डॉक्टर, सोमवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. काहीतरी स्ट्राँग द्या ना.”

“घाई तुला की मॅनेजरला?”

“मॅनेजरला.”

“सरी, ठीक. मग पेशंट तो.” अण्णांनी मॅनेजरच्या नावाने लिहिलं: दोन दिवस फोनला हात लावू नये. “हे त्याला दे. तू स्वल्प थांब. झोप काढ. ताप चढला, धाप लागली, तर लगेच ये.”

मुलगा तडक समोरच्या दवाखान्यात गेला. तिथे न मागता मिळतं. अण्णांचे निम्मे पेशंट असेच रस्ता ओलांडून गेलेत, पण हा माणूस हटत नाही. मला तर कधीकधी रागच येतो. माझ्या खोकल्याची चिठ्ठी त्यांनी पुण्याला माझ्या आईला पाठवली होती. त्यात लिहिलं होतं: मुलाची काळजी दिवसातून एकदाच करावी, जेवणानंतर.

गेल्या आठवड्यात मात्र सकाळीच माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, हातात कोरी चिठ्ठी. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, सर्दी झाली होती.

“खोकला थांबेना बघ,” ते म्हणाले. “‘अँटिबायोटिक द्या’ असं तू म्हण मला.”

“मी? डॉक्टर तुम्ही आहात, अण्णा.”

“म्हणूनच की. छाती साफ आहे, ताप नाही. आपल्या मनाने लिहायला हात धजत नाही. कोणीतरी आग्रह करायला पाहिजे. तू स्वल्प आग्रह कर.”

“पण तुम्हाला कोणी पाठवलं?”

ते पायरीवरच बसले. “लोकांच्या घशात बॅटरी मारली की घसा दिसतो रे. हिच्या घशात मारली की भलतंच दिसतं. ही गेली तर?”

मला हसू येत होतं ते थांबलं. एवढा हट्टी माणूस, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. आग्रह काही मी केला नाही. त्यांना घेऊन खाली गेलो.

अक्का मजेत कॉफी पीत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि खोकल्या. अण्णा वाफेचं पाणी ठेवायला आत धावले, तशा त्या हळूच म्हणाल्या, “सर्दी कधीच गेली रे. पण मी गप्प झोपले की हे माझ्या नाकाशी हात धरून बसतात. म्हणून मधून मधून खोकते. खोकले की यांना कळतं, मी आहे म्हणून.”