मुळ्यांची दैनंदिन तपासणी

ज्या गोष्टीची तपासणी होत नाही ती गोष्ट अस्तित्वातच नसते, हे कोणत्याही सुसंस्कृत कार्यालयाचे अधिष्ठान आहे. आमच्या रोपवाटिकेतला मूळवृद्धी कक्ष याच पायावर उभा आहे. (छप्पर मंजूर व्हायचे आहे.)

छाटलेल्या फांदीला मुळ्या फुटाव्यात म्हणून कक्षाने काहीही कमी केलेले नाही. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली तिरका काप, खालची पाने काढणे, मुळ्या फुटवणाऱ्या संजीवकाची पूड, ओलसर वाळू, वरून प्लास्टिकची पिशवी. एवढे माळीणबाई करतात. मग खरे काम सुरू होते. रोज साडेदहाला कक्षप्रमुख येतात, चाळीसच्या चाळीस फांद्या एकेक करून उपटतात, मुळी दिसते का पाहतात, "निरंक" असा शेरा मारतात आणि फांदी सन्मानाने परत खोचतात. गेल्या वर्षी अशा चौदा हजार सहाशे तपासण्या झाल्या (साहेब सुट्टीच्या दिवशीही आले), आणि एकाही नोंदीत खाडाखोड नाही.

माळीणबाई अकरा वर्षे हंगामी आहेत. फांद्या लागल्या तर नोकरी कायम, असा लेखी आदेश आहे. म्हणून एकदा त्या न राहवून बोलल्या.

"साहेब, रोज उपटल्यावर ती मूळ धरणार कधी?"

"बाई, उपटलं नाही तर धरलंय हे कळणार कसं?"

बाईंनी फांदीभोवतीची वाळू पुन्हा दाबून घेतली. साहेबांचा युक्तिवाद मला अजूनही बिनतोड वाटतो.

पुढे साहेबांचा गुडघा दुखावला आणि ते महिनाभर घरी पडून राहिले. या गैरव्यवस्थेत सगळ्या फांद्या लागल्या. बाई आनंदाने ढसाढसा रडल्या. साहेबांनी परतल्यावर मोठ्या मनाने त्या मुळ्या नियमित करून घेतल्या आणि बाईंना कायम करण्यापूर्वी एकच किरकोळ अट घातली. चाळीस रोपे चाळीस सुजाण नागरिकांना वाटायची, आणि महिनाभराने त्यातले निदान एक तरी जिवंत दाखवायचे.

आठवड्याच्या आत एकोणचाळीस नागरिकांचे अहवाल आले. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच: "नीट लागलंय का ते बघायला जरा वर काढलं होतं."

चाळिसावे रोप तुमच्याकडे आहे. बाई काल तुमच्या दारात आल्या होत्या. "तेवढं हलवू नका हो," एवढेच म्हणाल्या. तुम्ही हो म्हणालात, दार लावलेत आणि कुंडीपाशी गेलात. बाई जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत तुम्ही दम धरलात, याची कक्षाने कौतुकाने नोंद घेतली आहे.