काय शिकवायचं राहिलं?

पारोळ्याच्या लग्नात आहेर द्यायची रांग लागली होती. आबांनी नवरदेवाच्या हातात नारळ ठेवला आणि विचारलं, "काय शिकाडानं राही गयं रे भाऊ?" काय शिकवायचं राहून गेलं! नवरदेव आमचा जुना विद्यार्थी. तो फेट्यासकट विचारात पडला आणि मागची रांग खोळंबली.

आबा आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपचे प्रमुख. जुना विद्यार्थी एसटी स्टँडवर भेटो की दवाखान्यात, प्रश्न तोच. उत्तर खिशातल्या डायरीत. "ड्रॉइंग वाचता येत नाही," असं तिघांनी सांगितलं, तर सोमवारपासून ड्रॉइंगचा जादा तास, तोही मला न विचारता माझ्या गळ्यात. मनातल्या मनात मी त्यांना फार शिव्या घातल्या आहेत.

पूर्वी आबा असे नव्हते, आमच्यासारखेच होते. तपासणीची समिती यायची म्हटलं की माजी विद्यार्थ्यांचे अभिप्राय लागतात. ते कोण मागवत बसणार? शेवटच्या वर्षाची मुलं दाखला न्यायला आली की आम्ही फॉर्म पुढे सरकवायचो. "सगळीकडे 'उत्तम' लिही आणि दाखला घे." कमी पडले तर आम्हीच भरायचो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी डाव्या हातानं लिहायचो आणि त्या कलेचा मला अभिमानही होता.

एका वर्षी गठ्ठा लावताना आबांच्या हाती असाच वेड्यावाकड्या अक्षराचा फॉर्म आला. मी हसून म्हणालो, "आबा, हा माझाच. डावा हात!"

"तुमना नही, सर. हाऊ कैलासना शे."

आदल्याच वर्षी आमच्याकडून पास झालेल्या कैलासनं तो पोस्टानं पाठवला होता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं लोखंड कातायच्या लेथ मशीनमध्ये गेली होती. खाली लिहिलं होतं, 'कॉलेजात लेथ एकदा तरी चालवायला द्यायला हवं होतं.' मला त्या क्षणी माझ्या डाव्या हाताची किळस आली.

आमच्याकडे लेथ होतं, नवंकोरं. समितीला तसंच दिसावं म्हणून झाकलेलं. खंडेनवमीला कव्हर काढायचं, हळदकुंकू आणि झेंडूची माळ वाहायची, पुन्हा कव्हर. ते कव्हर आबांनी स्वतः मापं देऊन शिवून आणलं होतं.

त्या वर्षी समिती आली तेव्हा लेथवर मुलं होती आणि फरशीवर तेल आणि लोखंडाचा कीस. प्राचार्य संतापले. आबा मशीन बंद करायच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले. तेव्हापासून प्रत्येक मूल त्या लेथवर स्वतः काम करतं, आणि तेवढा वेळ आबांचा हात बटणावरून हलत नसे.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभानंतर गळ्यातल्या हारासकट वर्कशॉपात येऊन बसले आणि कैलासला फोन लावला. दर महिन्याला लावतात, हे मला तेव्हा कळलं.

"काय शिकाडानं राही गयं रे भाऊ?"

"काहीच नही, आबा. बठ्ठं उत्तम शिकाडं तुम्ही." सगळं उत्तम, फोनच्या स्पीकरवरून कैलास म्हणाला.

फोन ठेवून आबांनी लेथकडे पाहिलं.

"खोटं बोलस पोऱ्या," ते म्हणाले. "'उत्तम' लिखानं आपनच शिकाडं ना त्याले."