दोन साडू, चार पिस्टन

गॅरेजवाल्याला मी दारातूनच परत पाठवला, ही गोष्ट मी आधीच कबूल करतो. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेली बरी.

तो बिचारा म्हणत होता, "इंजिन न्यायला आज माणूस पाठवतो, शनिवारी संध्याकाळी चालू गाडी दारात." आणि मी म्हणालो, "अहो, छापखान्यात बावीस वर्षं मशीन सांभाळतोय. एका तासात हजारो कागद गिळून बाहेर टाकणारं धूड मी नीट ठेवतो. त्यापुढे चार पिस्टन म्हणजे काय!" तो म्हणाला, "ठीक आहे. मी रविवारी बाहेरगावी आहे, तेवढं लक्षात ठेवा," आणि गेला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणतो. शेहेचाळीस वर्षं ते एकच गाडी चालवत आले. तिच्या इंजिनाने धूर ओकायला सुरुवात केली आणि नेमकं त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता लायसन्सच्या कागदावर मी सही करणार नाही. लायसन्स रविवारी संपणार होतं. मामांचं म्हणणं एवढंच, की रविवारी संध्याकाळी मामींना शेजारी बसवून, स्वतः चालवत, एक शेवटची चक्कर मारायची. त्यानंतर किल्ली देऊन टाकतो म्हणाले. माणसाने उभ्या आयुष्यात जावयाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी छाती फुगवून म्हणालो, "मामा, तुम्ही रविवारी दाढी करून तयार राहा."

बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "भाऊजींना पण बोलवा. त्यांना यंत्रातलं कळतं."

भाऊजी म्हणजे माझे साडू. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहेत. आमच्यात भांडण असं नाही. चार वर्षांपूर्वी एका घरगुती फोटोत मामांच्या उजव्या हाताला कोणी उभं राहायचं यावरून थोडं झालं होतं, आणि तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी फार आदराने बोलतो. इतक्या आदराने, की घरातल्यांना त्याची भीती वाटते.

तर बुधवारी साडू आपली साखळी-कप्पी घेऊन आले आणि आम्ही इंजिन उचलून मामांच्या ओसरीतल्या जुन्या जेवणाच्या टेबलावर आणून आडवं टाकलं. टेबल कुरकुरलं. मामींनी मान फिरवली. मामा खुर्ची टाकून समोर बसले, तीन दिवस उठले ते फक्त जेवायला.

गुरुवारी उघडायचं काम. आता तुम्हाला थोडं समजावून सांगतो, म्हणजे आमचं घोडं कुठे अडलं ते कळेल. प्रत्येक पिस्टनला खाली एक लोखंडी दांडा असतो, तो कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं टोक क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या वाकड्यातिकड्या दांड्याला, मिठी मारून बसतं, आणि ती मिठी सुटावी म्हणून खालचा अर्धा भाग वेगळा निघतो. त्याला कॅप म्हणतात. रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कारखान्यातच एकत्र कोरलेली असते. दुसऱ्याची कॅप बसते, नाही असं नाही. पण बसते आणि गळा आवळते. म्हणून उघडतानाच नंबर घालायचे असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मला कळत होतं. मी कॅपा काढल्या आणि बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येकीवर नंबर घातले, एक, दोन, तीन, चार. "महागाचं आहे ते," ती म्हणाली. साडूंना पण कळत होतं. त्यांनी रॉड बाहेर काढले आणि छिन्नीच्या टोकाने ठिपके मारले, एक, दोन, तीन, चार.

मी पंख्याच्या टोकाला उभा होतो. साडू गिअरच्या टोकाला उभे होते. आम्ही एका बाजूला उभे राहत नाही, ते मी सांगितलंच.

"तुम्ही नंबर कुठून धरले?" हा प्रश्न मी विचारू शकलो असतो. तीन सेकंदांचं काम. पण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करणं. आणि तेही साडूंपुढे! त्यांनीही विचारलं नाही. मामा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, पण त्यांना इतक्या लांबचं दिसत नव्हतं. दिसत असतं तर हा सगळा प्रसंगच आला नसता.

शुक्रवारी जोडायचं काम, आणि ते आम्ही देखणं केलं हो! पिस्टनवर नव्या रिंगा घातल्या, त्यांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत. क्रँकला चरा पडू नये म्हणून रॉडच्या बोल्टांना रबरी नळीच्या टोप्या घातल्या. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण पंख्याकडे केला, त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. सगळीकडे तेल. पत्र्याच्या पट्टीने रिंगा आवळायच्या आणि हातोडीच्या लाकडी मुठीने पिस्टन हलकेच आत ढकलायचा. प्रत्येक पिस्टन 'ठुप' करून आत गेला आणि मामा प्रत्येक वेळी "वा" म्हणाले.

बोल्ट आवळायचा मोजमापाचा पाना साडूंच्या कंपनीचा होता. तो ते कुणाच्या हातात देत नव्हते. त्यामुळे ते टेबलाशी उभे, आणि मी खाली बुटक्या स्टुलावर, मांडीवर कॅपांचा ट्रे घेऊन. मला तिथून साडूंचं पोट सोडून काहीही दिसत नव्हतं.

"एक नंबर द्या."

"घ्या एक नंबर."

"दोन."

"घ्या."

चारही कॅपा दिल्या. चारही आवळल्या गेल्या. त्यांनी गिअरकडून मोजलं होतं आणि मी पंख्याकडून, त्यामुळे साडूंचा एक नंबर माझा चार होता, आणि माझा एक नंबर त्यांचा चार. चारातली एकही आपल्या घरी गेली नाही.

"आता फिरवून बघू," साडू म्हणाले आणि त्यांनी क्रँकच्या नटाला पाना लावला. क्रँक हलला नाही. "नव्या रिंगा आहेत, जरा घट्ट असणारच," मी म्हणालो. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी नुसता बोललोच नाही, तर बागेतला पाण्याचा चार फुटी लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. चार वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एका दिशेला लागलो आणि एकदम जोर लावला.

काड असा आवाज झाला. मामा म्हणाले, "वा."

एका रॉडचा बोल्ट तुटून बागेत गेला होता. क्रँक अर्धा फेरा फिरला होता आणि आतून कुणीतरी पाटीवर नख ओढावं तसं काहीतरी ऐकू आलं होतं. मला तिथेच मटकन बसावंसं वाटलं, पण स्टूल साडूंनी आधीच घेतलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही क्रँक, रॉड, कॅपा असं सगळं पोत्यात घालून लेथवाल्याकडे नेलं. त्याने क्रँकवरून अंगठा फिरवला आणि चेहरा असा केला, की मी नजर खाली घातली.

"हे कुणी केलं?"

"एका गॅरेजवाल्याने," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"त्याला परत गाडीला हात लावू देऊ नका," तो म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. मग त्याने चिंधी थिनरमध्ये बुडवून एक कॅप खसाखसा पुसली. माझं नेलपॉलिश निघालं, आणि खालून कारखान्याने कोरलेला आकडा वर आला. मग रॉड पुसले, तर एकावर साडूंच्या ठिपक्यांशेजारी तोच आकडा. "नंबर आधीचेच होते की," तो म्हणाला. "नुसतं पुसून बघायचं होतं."

क्रँक घासायला आणि बोल्ट मागवायला दहा दिवस लागतील म्हणाला. मी हात जोडले. तो म्हणाला, हात जोडून लोखंड घासलं जात नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका म्हाताऱ्या माणसाची एक संध्याकाळ माझ्या भरवशावर होती, आणि ती मी फुशारकीपायी घालवली. बायकोला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी चार वाजता मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात किल्ली घेऊन बाहेर आले. मामींनी केसांत फूल माळलं होतं आणि पर्स घेतली होती. मी पुढे झालो. साडूही शेजारी येऊन उभे राहिले, त्याच बाजूला, एवढं श्रेय मात्र मी त्यांना देईन.

"मामा," मी म्हणालो, "गाडी काही तयार झाली नाही. चूक माझी आहे."

"आमची," साडू म्हणाले.

मामांनी टेबलाकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. बॉनेटखाली नुसती पोकळी.

"चाकं आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"ब्रेक?"

"आहे."

"मग बसा हो," ते मामींना म्हणाले, आणि स्वतः दार उघडून स्टिअरिंगवर बसले.

आम्ही दोघांनी मागून ढकलली. फाटकाबाहेर, गल्लीतून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. मामा वळणावर हात दाखवत होते, कुत्र्याला हॉर्न देत होते आणि गिअरसुद्धा बदलत होते. मधल्या चढावर ते मान बाहेर काढून म्हणाले, "जावईबापू, गाडी जरा ओढत नाहीये." मामी आतून म्हणत होत्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गाडीत तुमचं बोलणं ऐकू येतंय." परत दारात आणून सोडली तेव्हा मामांचे डोळे ओले होते. माझेही होते, पण त्यात घाम किती ते सांगता येणार नाही.

दहा दिवसांनी क्रँक आला, बोल्ट आले. मी गॅरेजवाल्याचे पाय धरले आणि तो इंजिन जोडायला तयार झाला. मामांना आनंदाने सांगायला गेलो.

"कशाला?" मामा म्हणाले. "चालू झाली तर मला चालवता येणार नाही. बंद गाडीला कोण लायसन्स विचारतो?"

तेव्हापासून इंजिन टेबलावर आहे आणि दर रविवारी पाच वाजता मी आणि साडू गाडीमागे आहोत. या रविवारी मामींच्या दोन्ही बहिणी मागच्या सीटवर बसायला येणार आहेत. दोघीही चांगल्या खात्यापित्या घरच्या आहेत.