स्टीफनदादांची मूठ सर जाहली ते वर्तमान

प्रभुकृपेकरून, शिरूर कसब्याचे जुने मिशनातील घंटेचा मान कोणास कैसा प्राप्त जाहला, ती हकीकत ऐसी जे.

नाताळचे सकाळी पहिली घंटा वाजवावयाची रीत ऐसी की, गतसालचे मानकऱ्याने घंटाघराची किल्ली मुठीत धरून बैसावे आणि जो मूठ उघडील त्याने घंटा वाजवावी. नखे व गुदगुल्या वर्ज्य. किल्ली कैक साले श्रीमंत स्टीफनदादा कारेगावकर, कंपनीत दिवसभर बोल्ट आवळणार, यांचे मुठीत कैद. आजतागायत एकाही मुलीने मोर्चा लाविला नव्हता. ऐसियास दहावीतील फेथबाईंनी मनी धरिले की यंदा घंटा आपलीच, आणि तैसे अवघ्या संडे स्कूलात बोलूनही बैसल्या. मग माघार घ्यावी तर अब्रूच जावी.

मग मसलतीस दौंडाहून जस्मिन आत्या, पेशाने फिजिओथेरपिस्ट, पाचारिल्या. त्यांनी फेथबाईंचा डावा पंजा उजव्या कोपराखाली ठेवविला आणि उजवी बोटे नाचवावयास फर्माविले. तो कातड्याखाली पाली पळाव्या तैसी खळबळ! "अगं बया, सगळा कारभार हिकडं हाय व्हय!" ऐसे फेथबाई वदल्या. आत्यांनी उलगडा केला की, बोटांत एकही स्नायू नाही. मूठ आवळणारे बडे सरदार कोपराखाली तळ देऊन मनगटावरून लांब दोर टाकितात आणि बोटे ओढितात. मनगट पुरते आत वाकविले की ते दोर ढिले पडतात, आणि मागील बाजूचे सरदारांचे दोर ताणले जाऊन बोटे आपसूक उघडू लागतात.

नाताळचे सकाळी तमाम पोरे बोटांवरच चालून गेली आणि नामोहरम होऊन परतली. मग फेथबाई पुढे सरल्या. "ये गं चिमणे, दाणे टिपायला," ऐसा टोमणा दादांनी मारिला. फेथबाईंनी बोटांस हातही लाविला नाही. दादांचा अवघा पहारा बोटांवर, मनगटाचा दरवाजा सताड उघडा. तो दोन्ही हातांनी धरून बाईंनी एकदम आत मुडपिला, आणि करंगळी डळमळली, आणि अनामिका फितूर जाहली, आणि किल्ली फरशीवर आदळली.

"आबा, ही लबाडी हाय!" ऐसी दादांनी फिर्याद केली.

पंच विल्यमआबांनी निवाडा दिला, "नखं न्हाईत, गुदगुल्या न्हाईत. मनगटाचं कुणी बोललं व्हतं का? मग!"

फेथबाईंनी घंटा ऐसी बडविली की शेजारची निजलेली आळीच्या आळी दारात आली. मग खाली उतरून, किल्ली मुठीत घट्ट आवळून, मानकरीण या नात्याने पहिला हुकूम सोडिला की, पुढील नाताळापासून मनगटास हात लावणे सक्त मना.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हुकमावर विल्यमआबांची साक्ष आणि स्टीफनदादांचा निषेध, दोन्ही दाखल असेत.