ना-यूल मुक्ती आघाडी

माझं म्हणणं एवढंच होतं, की फलकावरचा मजकूर छोटा असावा.

बाकीच्यांना त्यात मालिकेचं नाव, वाहिनीचं नाव, लेखिकेचं नाव, सगळंच हवं होतं. मी म्हटलं, मित्रांनो, क्रांतीला तळटीपा नसतात! दर शनिवार-रविवारी आख्खा देश 'पाचव्या मजल्यावरची सून' बघतो. 'सासूबाई, सुनेला माहेरी जाऊ द्या!' एवढं वाचलं की कुणालाही कळेल आपण कुणाबद्दल बोलतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. (म्हणजे फोनवर पिवळे हात उमटले.) सगळं रामायण घडलं ते या एका निर्णयामुळे.

आमच्या गटाचं नाव ना-यूल मुक्ती आघाडी. ना-यूल म्हणजे त्या मालिकेतली सून. तिची सासू एका मोठ्या कंपनीची चेअरमन आहे आणि कंपनीच्या कामातून वेळ काढून ती दर भागात ना-यूलच्या तोंडावर पाणी फेकते. ती ग्लास उचलायची आणि इकडे सोफ्यावर मी तोंड पुसायचो. प्रेक्षकांच्या चर्चापानावर मी या विषयावर इतके लेख लिहिले, की तेवढ्यात पीएचडी झाली असती. परवाच्या भागात तर हद्दच झाली. छुसकचा, म्हणजे सुगीचा आणि पूर्वजांच्या पूजेचा सण, ना-यूल बॅग भरून दारात उभी. "मलाही आई आहे, आई!" असं ती रडत म्हणते आणि चेअरमनबाई तिच्या हातातली बॅग काढून घेऊन उलथनं देतात. मी टेबलाला लाथ मारली. (टेबल लाकडी होतं. अंगठा सुजला.)

आता शेवटचा शनिवार-रविवार उरला होता आणि अखेरच्या भागात ना-यूलच सासूची माफी मागणार अशी कुजबुज होती. हे आम्ही होऊ देणार नव्हतो! आम्ही वर्गणी काढली आणि मोठा पडदा लावलेला ट्रक ठरवला. पडद्यावर घोषणा, भोंग्यातून ना-यूलचं ते वाक्य, आणि गाडी सोलमध्ये थेट वाहिनीच्या फाटकासमोर!

"दो-ह्यन, जरा इकडे बघशील?" माझी बायको हे-राँग म्हणाली. ती बराच वेळ समोर बसली होती म्हणे.

"बोल ना."

"या छुसकला तरी आईंना सांग. सकाळची पूजा झाली की आपण माझ्या माहेरी निघू. लग्न झाल्यापासून एकाही छुसकला मी छुनछॉनला गेले नाहीये. माझी आई वाट बघून बघून आता विचारायचीही थांबली."

"सांगतो गं."

"कधी?"

"योग्य वेळ बघून. सध्या ना-यूलचं फार नाजूक चाललंय."

हे-राँग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

सणाच्या दोन दिवस आधी आम्ही नाजूला, माझ्या आईबाबांकडे आलो. आमची नासपतींची बाग आहे. आईनं माझ्या साहेबांसाठी एक पेटी बांधून ठेवली होती. "दो-ह्यन, कुरिअरवाल्याला आपला पत्ता पाठव, पेटी घेऊन जाईल," ती मागच्या दारातून ओरडली. नेमका त्याच वेळी ट्रकवाल्या कंपनीचा निरोप आला, 'गाडी कुठे उभी करायची, पत्ता पाठवा.' मी एका दमात दोन्ही कामं उरकली. (कामं उरकण्यात मी लहानपणापासून पटाईत.)

सणाच्या आदल्या दिवशी घरात नेहमीचं दृश्य होतं. हे-राँग जमिनीवर ठेवलेल्या तव्याशी बसून दुधीचे, माशांचे काप अंड्यात बुडवून परतत होती. तिच्या शेजारी आई तांदळाच्या उकडीच्या चंद्रकोरी वळत होती. बाबा कोपऱ्यात चेस्टनट सोलत होते. सणाला पुरुषांनी काय करायचं असतं, याचं ते त्यांनी काढलेलं उत्तर आहे. आणि मी फोनवरून आंदोलनाचं नेतृत्व करत होतो.

"वाहिनीच्या दारात ट्रक नाहीये," आघाडीतली एकजण कळवत होती. "एक कुरिअरवाला तेवढा आलाय. नासपती मागतोय."

मी 'काय?' असं लिहीपर्यंत अंगणाबाहेर हॉर्न वाजला. त्यामागोमाग आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हुंदका आला.

"मलाही आई आहे, आई!"

"अगं बाई, कोण रडतंय?" म्हणत आई पिठाच्या हातानं बाहेर धावली. तिच्यामागे आम्ही. दारात ट्रक उभा होता. त्यावर घराच्या भिंतीएवढा पडदा होता आणि पडद्यावर लाल अक्षरं सरकत होती: सासूबाई, सुनेला माहेरी जाऊ द्या!

आईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग वळून हे-राँगकडे बघितलं. हे-राँगनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रकच्या टायरकडे बघितलं. (टायर चांगले होते.)

"प्यो दो-ह्यन कोण?" ड्रायव्हर उतरत म्हणाला. "सगळा देश गावी निघालाय, त्या गर्दीतून रांगत आलोय मी साहेब. सहीचं नंतर बघू, आधी बाथरूम कुठाय ते सांगा."

"काका, गाडी चुकून आलीये! लगेच बंद करा!"

"ठरलेला वेळ संपल्याशिवाय मला बंद करता येत नाही. कंपनीचा नियम आहे. तुम्हीच पैसे भरलेत." आणि तो बाथरूमच्या दिशेनं गेला.

तेवढ्यात गावच्या भोंग्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. आमच्या गावप्रमुखांना भोंग्यावर बोलायला निमित्त लागत नाही. इथे तर निमित्तच ट्रकमध्ये बसून आलं होतं.

"ग्रामस्थहो, सूचना! माल-जाबाईंच्या दारात एक पडदागाडी आलेली आहे. सुनेला माहेरी सोडावं अशी तिची मागणी आहे. इतर सासवांनीही नोंद घ्यावी. ट्रॅक्टरवाल्यांनी वरच्या रस्त्यानं जावं."

माल-जाबाई म्हणजे माझी आई. दहा मिनिटांत अंगणात अर्धं गाव जमलं. सगळ्या बायकांच्या हाताला पीठ आणि अंगाला तेलाचा वास.

"माल-जा, तू असली निघशील असं वाटलं नव्हतं हो," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"तुमची सून कुठाय काकू?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझी? ती... घरी आहे. काप परततेय."

"मग तुम्हीही वाचा की नीट!"

हशा पिकला. पडद्यावरची अक्षरं सरकत होती, ना-यूल हुंदके देत होती आणि काकू पदर नसल्यामुळे एप्रनमध्ये तोंड लपवत होत्या. आघाडीत मी लोकजागृतीवर इतकं लिहिलं होतं. ती प्रत्यक्षात अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईची मात्र मान खाली गेली होती. ते मला बघवेना.

"आई, हे तुझ्याबद्दल नाहीये. ती मालिकेतली—"

"थांब तू." आई हे-राँगसमोर जाऊन उभी राहिली. "सूनबाई, खरं सांग. तुला माहेरी जायचं होतं?"

"हो, आई."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मग मला बोलली का नाहीस गं?"

"दो-ह्यन सांगणार होता."

"हा?" आईचा आवाज चढला. "हा तर मला दर वर्षी सांगतो, 'तिला इथेच आवडतं, तिला माहेरची ओढ नाही.' मला वाटायचं, बिचारीचं आईशी पटत नसेल. म्हणून मी तो विषयसुद्धा काढत नव्हते!"

चेस्टनट घेऊनच बाहेर आलेल्या बाबांनी सोलणं थांबवलं. माझ्या आठवणीत हे प्रथमच घडत होतं.

"मी योग्य वेळ..." मी म्हणालो.

"मलाही आई आहे, आई!" ट्रक म्हणाला.

आईनं एप्रन सोडला. "ड्रायव्हरदादा, परत कुठे जाणार?"

"सोल. उलट्या दिशेला रस्ता रिकामा आहे."

"पुढे छुनछॉनपर्यंत सोडाल हिला?"

"माझं घर तिथेच आहे, काकू. बसा म्हणावं."

"आणि मला वाटेत कोंगजूला उतरवा. माझा भाऊ आहे तिथे. लग्न झाल्यापासून मीही एक छुसक तिकडे केला नाही."

"अगं, पण उद्याची पूजा?" बाबा पहिल्यांदाच बोलले.

"पूर्वज तुमचे. तुम्हीच करा."

बायकांनी जो जल्लोष केला तो कुठल्याही मालिकेच्या शेवटाला मी ऐकलेला नाही. हे-राँगनं बॅग आणली. माझ्या जवळून जाताना ती थांबली, माझ्या हातातला फोन काढून घेऊन माझ्याच खिशात ठेवला आणि रिकाम्या हातात उलथनं दिलं. मग ट्रकमध्ये चढून आईला वर ओढून घेतलं. पडदा तसाच झळकत होता. गल्लीच्या टोकापर्यंत बायका मागे चालत होत्या आणि त्यांत काकूंची सूनही होती, खांद्याला बॅग लावून. मी अंगणात उभा राहून रडलो. खरंच रडलो. हाच तो शेवट होता, ज्यासाठी मी लढलो होतो!

(मग आत जाऊन तवा बघितला. माशांचे काप कोळसा झाले होते. पूर्वजांनी तक्रार केली नाही.)

कुणीतरी काढलेला ट्रकचा व्हिडिओ देशभर फिरला. आणि सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी, रविवारी, शेवटच्या भागात ना-यूलनं माफी मागितली नाही. तिनं बॅग उचलली, चेअरमनबाईंच्या हातातला पाण्याचा ग्लास घेऊन स्वतः पिऊन टाकला आणि ती माहेरी गेली! मी आणि बाबांनी एकमेकांना मिठी मारली. मी लगेच छुनछॉनला फोन लावला.

"हे-राँग! जिंकलो आपण! बघितलंस?"

"बघितलं. माझी आई आणि मी एकाच पांघरुणात बसून बघितलं." तिचा आवाज इतका मोकळा होता, की मला तो ओळखायला क्षणभर लागला. "आई सारखी माझा हात धरत होती. दो-ह्यन, मी अजून चार दिवस राहते."

"राहा की! हवी तितकी राहा!"

"बरं, एक सांग. मी आधीचे भाग बघितले नाहीत. तिचा नवरा शेवटी सुधारतो का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी ना-यूलवर लिहिलं होतं, चेअरमनबाईंवर लिहिलं होतं, त्यांच्या कुत्र्यावरसुद्धा स्वतंत्र लेख लिहिला होता. पण नवरा? चेहराच डोळ्यांसमोर येईना.

"थांब, आघाडीत विचारून सांगतो," म्हणालो आणि तिथे प्रश्न टाकला. मालिकेतला प्रसंग न प्रसंग पाठ असलेली ती माणसं. सगळे जुने भाग उघडून शोधायला लागले. शेवटी आमच्या अध्यक्षाबाईंचं उत्तर आलं.

'तिला नवरा होता?'